सिलेवानी घाटात गाडीचा दम जातो, सपाटीवर मात्र टकाटक. क्लच टाकू का?

धंतोलीकर
मंडळी, गाडी १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ चं मॉडेल, लाखाच्या वर चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळा धागा तिकडेच वाहत जाईल.

नागपुरात काही तक्रार नाही. वर्धा रोडला सत्तर-ऐंशीनं मस्त जाते, एसी थंडगार, अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय पण गाडीचं वयही झालंय. बहीण छिंदवाड्याला असते, त्यामुळे सावनेर-सौंसरच्या रस्त्यानं येणं-जाणं असतं. सिलेवानी घाट लागला की पहिली काही वळणं व्यवस्थित चढते आणि मग दम जातो. दुसरा गिअर, पाय फळीपर्यंत दाबलेला आणि स्पीड वीस. इंजिनचा आवाज घोगरा होतो, आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारून राहिला, शेजारी बायको 'मी म्हटलं होतं' या चेहऱ्यानं पाहून राहिली.

धूर नाही, धक्के नाहीत, टेंपरेचर बरोबर, चेक इंजिनचा दिवा नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं उभी केली की परत ताजीतवानी. मग पुन्हा थोडं अंतर आणि पुन्हा तेच.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात क्लचचा पूर्ण सेट टाका, मजुरी धरून अठरा हजार. गल्लीतला मिस्त्री म्हणतो प्लग बदला. साळा म्हणतो गाडीच बदला. तुम्ही काय म्हणता?

तर्री_पोहे
जामसावळीला थांबून दर्शन घेतलं होतं का? तिथला हनुमान आडवा आहे, तुमची गाडी त्याच्या पुढे जाऊन आडवी पडून राहिली. काहीतरी संबंध असणार.

सिंहगड_पायथा
गाडीला काहीही झालेलं नाही. सपाटीवर गाडी चालवणाऱ्यांना घाटात गिअर कधी टाकायचा ते कळत नाही. चढ सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका, आरपीएम तीन-साडेतीन हजारांवर ठेवा. साधं पेट्रोल इंजिन खालच्या आरपीएमला ओढत नाही, तो त्याचा दोष नाही.

वऱ्हाडी_ठेचा
हाव जी, आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, तेही मान्य. पण भाऊनं लिहिलेलं वाचा ना. पहिली वळणं त्याच ड्रायव्हरनं, त्याच गिअरमध्ये चढवली. दहा मिनिटं थांबल्यावर ड्रायव्हिंग सुधरते काय?

आकडेमोड
उंचीचा मुद्दा कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच निकालात काढतो. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का कमी होते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास. म्हणजे जेमतेम चार टक्के. पचमढीला, १०६७ मीटरवर गेलात तरी नागपूरच्या तुलनेत सात-आठ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

खरा फटका आपल्या उन्हाळ्याचा. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत ऑक्सिजन सुमारे दहा टक्के कमी. शिवाय इंजिन ठोकायला लागू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्क मागे ओढतो, आणि वरून एसीचा कंप्रेसर. हे सगळं जोडून गाडी सुस्त होईल, हे कबूल. पण पाय फळीला आणि काटा वीसला, हे या हिशोबात बसत नाही. आणि दहा मिनिटांत घाटाची उंची कमी होत नसते.

निवृत्त_फोरमन
हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये नोकरी झाली माझी, घाटात दमलेल्या गाड्या भरपूर पाहिल्या. धंतोलीकर, तुम्ही जे लिहिलं त्यातच क्लचचं उत्तर आहे. क्लच घसरतो तेव्हा इंजिन ओरडते आणि गाडी सरकत नाही. काटा वर पळतो, स्पीड तिथंच राहते, जळका वासही येतो. तुमचा काटा वर जातच नाही म्हणता. म्हणजे इंजिनच ताकद तयार करून नाही राहिलं. तरी खात्री करा, फुकटात होते. मोकळी जागा पाहा, समोर कोणी उभं नको. हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच शाबूत. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर अठरा हजार काढा. एकदाच करा, वारंवार केलं तर चांगला क्लचही जाळून बसाल.

दुसरं, चाकांना हात लावून पाहा. घाटात थांबता तेव्हा एखादी रिम दुसऱ्यांपेक्षा चटका देत असेल तर ब्रेक धरून राहिला. सपाटीवर ते कळत नाही.

तिसरं, थांबल्यावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडला. हेही कारण मी पाहिलेलं आहे आणि त्याला खर्च जवळपास शून्य.

डिझेलभक्त
माझी डिझेल आहे, पण लक्षण मिळतंजुळतं होतं म्हणून लिहितो. चिखलदऱ्याच्या घाटात आरपीएम अडीच-तीन हजारांच्या वर जाईना. चावी बंद करून चालू केली की लगेच ठीक, जोर दिला की पुन्हा तेच. तो लिंप मोड. टर्बोचं प्रेशर मागितलं तेवढं मिळत नाही म्हणून ईसीयू स्वतःच लगाम घालतो. कोणी टर्बो बदला म्हटलं, कोणी ईजीआर साफ करा म्हटलं. निघाला इंटरकूलरचा रबरी पाइप. क्लिपच्या खाली उभी चीर होती, उभ्या गाडीत मिटलेली, दाब आला की उघडणारी. पाइपाभोवती तेलाचा काळा ओघळ होता, तिथंच कळायला पाहिजे होतं.

धागाकर्त्यांना प्रश्न: नुसती चावी बंद-चालू केल्यावर ठीक होते की थांबावंच लागतं?

धंतोलीकर
@डिझेलभक्त, नुसत्या चावीनं काही होत नाही, थांबावंच लागतं.
@फोरमन काका, चौथ्या गिअरची टेस्ट सोसायटीच्या मागच्या मैदानात केली. इंजिन गचकन बंद. चौकीदाराला वाटलं मी गाडी शिकून राहिलो. म्हणजे क्लच वाचला. चाकांचं आणि झाकणाचं पुढच्या फेरीला पाहतो.

माहेर_परतवाडा
आमची गाडी परतवाड्याहून घटांगमार्गे चिखलदऱ्याला चढताना अशीच करायची. माहेरी गेलं की वर जाणं ठरलेलंच, मुलांना पॉइंट पाहायचे असतात आणि मला तिथली कॉफी घ्यायची असते. हे प्रत्येक वेळी पेट्रोलपंपाला शिव्या द्यायचे. शेवटी माझ्या भावानं एअर फिल्टरचा डबा उघडला. आत सीटचा कापूस, भुईमुगाची टरफलं, दुपट्ट्याची एक चिंधी आणि उंदराचं आख्खं बाळंतपण. फिल्टरचा अर्धा कागद कुरतडलेला, उरलेला या पसाऱ्यानं बुजलेला. गाडी महिनोन्महिने अंगणात उभी असते त्याचा परिणाम. दोन स्क्रू आणि चार क्लिपा, एवढंच काम होतं. दादा, आधी तो डबा उघडून पाहा.

तर्री_पोहे
@माहेर_परतवाडा, पिल्लांचं पुढे काय झालं?

माहेर_परतवाडा
शेजारच्या मांजरीला विचारा.

इथेनॉल_विरोधी
एवढी चर्चा कशाला? ई२० हे एकच उत्तर आहे. २०१३ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. पेट्रोलच पाणचट झालं तर घाट कशावर चढेल? आणि नागपुरात बसून हे बोलायची सोय नाही, कारण इथेनॉलचे सगळ्यात मोठे प्रचारक आपलेच खासदार.

आकडेमोड
राजकारण बाजूला ठेवू. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ई२० मध्ये सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल असाच अंदाज आहे. पण ही घट मुख्यतः अ‍ॅव्हरेजमध्ये दिसते. ओ२ सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) पाहून ईसीयू तेवढं जास्त पेट्रोल सोडतो, त्यामुळे ताकद त्या प्रमाणात पडत नाही.

मात्र एक बाजू तुमच्या म्हणण्याला जोड देणारी आहे. जास्त पेट्रोल सोडायचं म्हणजे टाकीतल्या पंपानं जास्त द्यायचं. जो पंप किंवा जी जाळी आधीच कशीबशी पुरत होती ती आता पूर्ण जोरावर कमी पडू शकते. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला राप सोडवतं, आणि तो येऊन बसतो जाळीवर.

स्पॅनर_१३
शेवटी कोणीतरी पंपाचं नाव काढलं. हळूहळू दम जाणं, थांबल्यावर परत येणं, चेक इंजिन नाही, धक्के नाहीत. माझा पहिला संशय टाकीतल्या जाळीवर. पंप जोरात ओढतो तेव्हा गाळ जाळीला चिकटतो, इंजिन बंद करून उभं राहिलं की गाळ सुटून खाली बसतो. पुन्हा ओढ, पुन्हा चिकट.

दुसरा संशय कॅटवर, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर. सायलेन्सरच्या आधीचा तो मधाचं पोळं भरलेला डबा वितळून बुजला की धूर बाहेर पडायला जागा राहत नाही. पण बुजलेला कॅट दहा मिनिटांत मोकळा होत नाही, त्यामुळे तो दुसऱ्या नंबरवर. व्हॅक्यूम गेज लावलं तर कळतं. अडीच हजार आरपीएमला काटा धरून राहिला तर ठीक, हळूहळू खाली घसरत गेला तर एक्झॉस्ट तुंबलेला. तिसरी कॉइल, गरम झाल्यावर फुटते. पण कॉइल गेली की गाडी तीन सिलिंडरवर खडखडते आणि दिवा लुकलुकतो. तुमची तशी वागत नाही, त्यामुळे प्लगवाल्या मिस्त्रीला तूर्त थांबवा.

आता पैसे खर्च न करता कसं ओळखायचं? ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा, कोणाकडून मागून आणा. गाडी पूर्ण दाबून चालवताना पहिल्या ओ२ सेन्सरचं व्होल्टेज पाहा, शेजारी बसलेल्या माणसानं, तुम्ही नाही. पूर्ण रेसवर ते ०.८ च्या वर राहिलं पाहिजे, कारण ईसीयू तेव्हा मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. दम जाताना ते ०.१-०.२ वर आपटलं तर इंजिनला हवा मिळते, पेट्रोल मिळत नाही. दम जाऊनही ०.८ वरच राहिलं तर पेट्रोल भरपूर आहे, मग फिल्टर आणि कॅटकडे वळा.

धंतोलीकर
स्कॅनर भाच्याकडे आहे. पण त्यासाठी प्रत्येक वेळी सिलेवानीला जायचं काय? इथे चढ आणू कुठून? रामटेकचा गड आहे, पण तो रस्ता सुरू होईपर्यंत संपतो.

तर्री_पोहे
घाट रोडला जा. फक्त मोक्षधामच्या अलीकडे थांबजा.

निवृत्त_फोरमन
चढ कशाला पाहिजे? इंजिनला चढ दिसत नाही, त्याला फक्त ओझं कळते. समृद्धीवर जा, शिवमडक्याहून चढा, कारला १२० ची मर्यादा आहे. चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा, ११० च्या पुढे काही मिनिटं धरून ठेवा. ऐंशीला जेवढी ताकद लागते त्याच्या दुपटीहून जास्त ११५ ला लागते, कारण हवेचा विरोध भराभर वाढतो. पेट्रोल कमी पडत असेल तर तिथंच उघडं पडेल. टायर आधी पाहून घ्या, जुन्या टायरवर हा उद्योग नको. आणि दम गेला तर इंडिकेटर देऊन सरळ डावीकडे या.

सिंहगड_पायथा
गाडी तपासायला टोल भरायचा! विदर्भातच सुचू शकतं.

वऱ्हाडी_ठेचा
अठरा हजारांच्या क्लचपेक्षा टोल स्वस्तच आहे राजेहो.

धंतोलीकर
अपडेट. भाचा, त्याचे दोन मित्र आणि मी, सकाळी समृद्धीवर. ऐंशी ते शंभर काही नाही. ११५ ला धरली, सुरुवातीला ओ२ सेन्सर ०.८५ च्या आसपास. मग भाचा ओरडला, 'मामा, पडला!' ०.१ च्या खाली. आणि खरंच, पाय तिथंच असताना स्पीड आपोआप उतरत नव्वदच्या घरात. सपाट रस्त्यावर! म्हणजे घाटाचा यात काही दोष नाही. बाजूच्या पट्टीवर न थांबता हळू चालवत पुढच्या इंटरचेंजला उतरलो.

टाकीचं झाकण उघडलं, आवाज नाही. चारही चाकं सारखीच कोमट. एअर फिल्टर मळलेला होता पण उंदीर नव्हते, @माहेर_परतवाडा ताईंना कळावं म्हणून लिहितो. कोडमध्ये मात्र पी०१७१ निघाला, पेंडिंग. दिवा न लागताही आत नोंद होती.

स्पॅनर_१३
पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आता फ्युएल प्रेशर मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. उभ्या गाडीत मोजलं तर बरोबरच दिसेल, ती फसगत नेहमीची. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तीन बारच्या आसपास असतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. ओझ्यावर ते टिकतं का तेवढंच पाहायचं.

डिझेलभक्त
पंपाला येणारा करंटही मोजायला सांगा. वायर किंवा रिले जळकट असेल तर चांगला पंपही मरतुकडा होतो. कितीतरी चांगले पंप यापायी भंगारात गेलेत.

धंतोलीकर
सर्व्हिस सेंटरला फोन केला तर त्यांचं एकच, 'सर, क्लचचं एस्टिमेट अजून व्हॅलिड आहे.' मग ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे गेज आहे. नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढून घड्याळ काचेवर चिकटपट्टीनं लावलं. आयडलला तीन. रेस दिली तरी तीन. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा. मी म्हटलं, दादा, बाहेर रिंग रोडवर चल.

तिसऱ्या गिअरमध्ये दाबून ओढली, पुन्हा सोडून पुन्हा ओढली. असं करता करता काटा अडीच, दोन, आणि मग दीडच्या जवळ. तिथंच दम गेला. मिस्त्री गप्प. मग म्हणे, 'टाकी उतरवावी लागते.'

आमच्या मॉडेलला मागच्या सीटखालून वाट नाही. टाकीत पेट्रोल थोडंच होतं, तेवढं बरं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं म्हणजे लाइनमधला दाब उतरतो, मग बॅटरीची वायर काढली. पंप बाहेर आला तर खालची जाळी, जी पांढरी असते म्हणतात, ती पार तपकिरी. बोटानं चोळली तर बारीक वाळूसारखं काहीतरी आणि वर चिकट थर. फुंकून पाहिली तर हवा जाईना. कनेक्टरची एक पिनही काळपट होती, आजूबाजूचं प्लास्टिक थोडं वितळलेलं. @डिझेलभक्त, तुमचं बोलणं तिथं आठवलं.

जाळी नवीन, पंपाची मोटर नवीन, कनेक्टर नवीन, टाकी धुऊन घेतली. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत. मोटर बदलायची गरज होती का याबद्दल मिस्त्रीचं आणि माझं एकमत नाही, पण टाकी पुन्हा उतरवायची हिंमत नव्हती.

निवृत्त_फोरमन
मोटर बदलली ते ठीक केलं. जाळी बुजलेली असताना ती ओढून ओढून दमलेली असते. एक सवय लावा, टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. ती मोटर पेट्रोलमध्ये बुडून राहूनच थंड राहते. आपल्या मे महिन्यात रिझर्व्हवर फिरणं म्हणजे तिला कोरडं तापवणं. जुनी जाळी फेकली नसेल तर सर्व्हिस सेंटरला नेऊन दाखवा.

आणि गेजची नळी बाहेर काढून रस्त्यावर फिरलात ते मात्र आवडलं नाही. गरम इंजिनवर पेट्रोलची नळी सुटली असती तर हा धागा वेगळ्याच कारणानं वर आला असता. जोडणीला पक्की क्लिप आणि गाडीत आगीचं सिलिंडर, हे नसेल तर असं करू नये. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो.

इथेनॉल_विरोधी
तो चिकट थर कशाचा? मी सांगितलंच होतं.

स्पॅनर_१३
थराची लॅबमध्ये तपासणी केल्याशिवाय ते इथेनॉलवर ढकलता येणार नाही. लाखाच्या वर चाललेल्या गाडीत अशी जाळी ई२० च्या आधीही निघायची. बारीक वाळू तर इथेनॉलमधून येत नाही.

इथेनॉल_विरोधी
आणि नाही असंही सिद्ध होत नाही.

तर्री_पोहे
या दोघांना एकाच गाडीत बसवून सिलेवानीला पाठवा. ओझं पण होईल, गरम हवा पण होईल.

धंतोलीकर
छिंदवाड्याला जाऊन आलो. चार माणसं, डिकीत संत्र्यांची पेटी, एसी चालू. सिलेवानीत कुठं दुसऱ्यावर, कुठं तिसऱ्यावर, न थांबता वर. @सिंहगड_पायथा, तुमचं चढाआधी गिअर टाकण्याचं मात्र ऐकलं, त्यानंही फरक पडतो. पी०१७१ पुसल्यावर पुन्हा आलेला नाही. अ‍ॅव्हरेज अजून पाहायचंय. साळ्यानं आता गाडी स्वतःसाठी मागितली आहे.

नवा_गडी
धागा आत्ताच वाचला. माझी कंपनी फिटेड सीएनजी आहे, कोंढाळीच्या पुढच्या चढावर लई मंद होते. मीपण टाकी उतरवू काय?

स्पॅनर_१३
थांबा, टाकी कशाला! आधी त्याच चढावर बटण दाबून पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर चांगली ओढली तर इंजिन, क्लच, कॅट सगळं ठीक, दोष गॅसच्या बाजूला. सीएनजीवर दहा टक्क्यांच्या आसपास ताकद कमी असतेच, ती धरून चाला. त्याहून जास्त वाटत असेल तर सीएनजीचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते पाहा आणि प्लगची गॅप तपासा, गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते. रेग्युलेटरला स्वतः हात लावू नका, ते काम अधिकृत माणसाकडूनच. पेट्रोलवरही मंदच असेल तर इथं वरपासून वाचत या, फोरमन काकांच्या क्लचपासून सुरुवात करा.

नवा_गडी
पेट्रोल टाकीत किती वर्षांपासून तेच आहे आठवत नाही, दोन कांड्याच दाखवते.

निवृत्त_फोरमन
मग बटण दाबायच्या आधी ते काढून ताजं भरा.